घेवड्याच्या दोन पिशव्या

कादंबरीत शहरं जळतात, तोफखाने वितळतात, जगातली सगळ्यात मोठी राजधानी चार-सहा दिवसांत ओस पडते. आणि डोक्यात कुसळासारख्या रुतून बसतात त्या घेवड्याच्या दोन पिशव्या. एच. जी. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळावरून आलेल्यांनी लंडनच्या आसपासचा मुलूख उजाड केलेला आहे. निवेदक एका पाद्र्याबरोबर शीन भागातल्या एका रिकाम्या घरात शिरतो. रात्रीची वेळ, काडी ओढायची हिंमत नाही. चाचपडत कोठी सापडते आणि इथे वेल्स अचानक वाण्याच्या चिठ्ठीसारखी यादी द्यायला लागतो. पावाच्या दोन लाद्या, न शिजवलेल्या मांसाचा एक तुकडा, अर्धा हॅम, फळीखाली बियरच्या बाटल्या, मलूल झालेली लेट्यूसची पानं, बाजूच्या मोरीघरात सरपण, कपाटात डझनभराला थोड्या कमी अशा बर्गंडी वाइनच्या बाटल्या, डब्यातली सुपं, डब्यातला सामन मासा, बिस्किटांचे दोन डबे. आणि घेवड्याच्या दोन पिशव्या. यादी एवढी काटेकोर का, तेही निवेदक सांगून टाकतो: पुढचे पंधरा दिवस यावरच निघायचे होते. त्याच रात्री मंगळावरून सुटलेलं पाचवं नळकांडं, म्हणजे त्यांचं यान, शेजारी येऊन आदळतं, घर ढिगाऱ्यात गाडलं जातं आणि हे दोघं स्वयंपाकघर-मोरीच्या कोंडीत अडकतात. भिंतीला एक तिकोनी भोक, आणि भोकापलीकडे ते.

आता घेवडा. मूळ शब्द वाळलेल्या पांढऱ्या दाण्यांसाठीचा, म्हणजे आपल्या राजम्याचा सख्खा भाऊ. ज्याने तो कधी शिजवलाय त्याला यादी वाचतानाच खटकतं, की चूल पेटवता येत नसेल तर हे दाणे खाणार कसे? आठ-दहा तास भिजवून मऊ होतात, दातांनी फुटतातही. पण कच्च्या दाण्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं. लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त. त्याचे चार-पाच कच्चे दाणेही माणसाला आडवं करायला पुरतात. पांढऱ्यात कमी, पण भुकेला माणूस चार दाण्यांवर थोडाच थांबतो? खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या, मग जुलाब. रुग्णालय असलेल्या जगात हे दुखणं एका दिवसात मागे पडतं. ढिगाऱ्याखाली, मोजक्या पाण्यावर, तेच दुखणं जीव घेतं. आणखी एक फसगत अशी की अर्धवट तापवणं हे कच्चं खाण्यापेक्षा वाईट. भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात खळखळून किमान दहा मिनिटं, खरं तर अर्धा तास उकळायचं, तेव्हा ते प्रथिन मोडतं. नुसतं ८० अंशांपर्यंत तापवून मंद ठेवलं तर दाणा मऊ होतो, शिजल्यासारखा दिसतो आणि कच्च्यापेक्षा जास्त बाधतो. म्हणजे सरपण आहे, पलीकडे कोळशाची कोठडीसुद्धा आहे, धान्य आहे. फक्त धूर चालणार नाही. त्या यादीतली सगळ्यात टिकाऊ वस्तूच नेमकी त्या दोघांसाठी निरुपयोगी.

घेवडा वजा करून बाकीच्याचा हिशेब मांडून पाहावा असं वाटत राहतं. लाद्या ९०० ग्रॅमच्या धरल्या तर दोन्ही मिळून साडेचार हजार कॅलरी. हॅम अर्धा म्हणजे तीन किलो धरू: सात हजार. बिस्किटांचे डबे किलो-किलोचे: नऊ हजार. अकरा बाटल्या वाइन, बाटलीला सहाशे, म्हणजे साडेसहा हजारांच्या वर. बेरीज सत्तावीस हजारांच्या घरात जाते. सुपं, मासा आणि बियर वरकड. काही दिवसांनी निवेदक उरलेल्या साठ्याचे दहा दिवसांसाठी वाटे करतो. दोन माणसं, दहा दिवस, माणशी बाराशे कॅलरी, म्हणजे चोवीस हजार. माझी गृहीतकं इकडेतिकडे झाली, आधीच्या दिवसांचं खाणं वजा केलं, तरी हिशेब फार हलत नाही. न हलता पडून राहणाऱ्या माणसाला तेवढ्यावर वजन घटवत का होईना तग धरता येतो. बिघडण्याचा क्रमही कोठीच ठरवते. लेट्यूस आधीच गेलेलं, जूनच्या उकाड्यात कच्चं मांस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वास मारणार, पाव आठवड्याच्या आत बुरशीने हिरवा होणार, खारवलेला हॅम टिकणार, डबे सगळ्यांच्या शेवटी. ज्याने यादी लिहिली त्याला कोठी ठाऊक होती.

पाण्याचं मात्र त्या यादीत कुठे नाव नाही.

हॅम खारट, डब्यातला मासा खारट. शिवाय मांसमच्छी पचवून जो युरिया तयार होतो तो बाहेर टाकायला मूत्रपिंडाला जास्तीचं पाणी लागतं. पाणी तुटपुंजं असेल तेव्हा पिष्ट आणि गोड खावं, मांस-मासे मागे ठेवावेत, हा जुना दर्यावर्दी शहाणपणा. इथे उलटंच. वाइन प्यायल्याने लघवी वाढते, आणि पाद्री तर तिच्यावर तुटूनच पडतो. मोरीत पावसाच्या पाण्याचा एक हातपंप आहे, पण तो करकरतो, आणि भिंतीपलीकडे ज्यांचे कान आहेत त्यांनी करकर ऐकली तर संपलं. अकरावा आणि बारावा दिवस निवेदक घोटभर पाण्याशिवाय काढतो. मग घसा इतका सोलवटतो की तो पंपावर झडप घालतो आणि दोन पेले काळपट, घाण पावसाचं पाणी मिळवतो. सगळ्या कादंबरीत मला सगळ्यात मोठा वाटणारा आवाज हा आहे. शंभर फुटी यंत्रांची किंकाळी नव्हे, गंजलेल्या दांड्याची करकर. इंग्लंडचा जून होता म्हणून दोन दिवस निभले. हीच गोष्ट चंद्रपुरात मे महिन्यात घडवली तर पत्र्याखाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निवेदक उरणार नाही. आपल्याकडे कुणी अशी गोष्ट लिहायला घेतली तर त्याने आधी ऋतू ठरवावा आणि मग यान उतरवावं.

पुष्कळ गोष्टी मात्र आधी यान उतरवतात. मग शास्त्रज्ञ, वेधशाळा, दिल्लीला फोन, पडद्यावर नाचणारे आलेख. सामान्य माणसं गर्दीपुरती, 'रस्त्यावर एकच गोंधळ उडाला' एवढ्या वाक्यात मावणारी. आणि चाळिसाव्या दिवशी नायक नळ सोडतो, तर पाणी येतं. कुठून येतं? इमारतीच्या गच्चीवरची टाकी पंपाने भरते, पंप विजेवर चालतो. वीज गेली की टाकीत असेल तेवढंच, आणि वरच्या मजल्यावर कुणी नळ उघडा टाकून पळालं असेल तर तेही नाही. तळटाकीत पाणी असतं, पण ते काढायला लोखंडी झाकण सरकवावं लागतं. ते झाकण फरशीवर घासताना जो आवाज होतो तो ज्याने ऐकलाय त्याला परग्रहवासीयांची वेगळी भीती घालायला नको. झाकणाखाली गोणपाट सारायचं, बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळायची, दोर भिंतीला घासू द्यायचा नाही. मग आणलेलं पाणी कापडाने गाळायचं, आणि उकळायला इंधन नसेल तर साधं, बिनवासाचं, पाच-सहा टक्क्यांचं ब्लीच लिटरला दोन थेंब टाकून अर्धा तास झाकून ठेवायचं. पाणी गढूळ असेल तर थेंब दुप्पट. अर्ध्या तासाने क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. नाही आला तर पुन्हा तेवढेच थेंब, पुन्हा थांबायचं. इतक्या तपशिलात गोष्ट रटाळ होते असं कुणी म्हणेल. मला तरी थरार तिथेच दिसतो.

वेल्सला हे कुठून सुचलं असेल? तो लंडनजवळच्या वोकिंगला राहायचा आणि सायकलवरून फिरत कुठलं घर, कुठला रस्ता उद्ध्वस्त करायचा ते ठरवायचा, हे नेहमी सांगितलं जातं. टी. एच. हक्सले या जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला होता, म्हणून शेवटी मंगळवासीयांना मारायला सूक्ष्मजंतू आले, हेही. पण त्याची आई सेरा ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या हवेलीत हाउसकीपर होती. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, कोठीची जबाबदारी तिच्याकडे. त्या हवेलीत नोकरांच्या ये-जा करण्यासाठी जमिनीखालून बोगदे आहेत. वर मेजवान्या, खाली अंधारातून वाफाळती ताटं नेणारी माणसं. फळीखाली काय असतं, कपाटात काय, डझनात किती कमी आहेत, हे नजरेने टिपायची सवय तळघरातूनच वर येते. आणि शीनच्या त्या घराची कोठी भरली कुणी? बिस्किटांचे डबे नीट लावणारी, घेवड्याच्या पिशव्यांची तोंडं बांधणारी, कुणी बाई असणारच. ती कादंबरीत येत नाही. पळाली असेल, मेली असेल. निवेदक तिच्या हिशेबावर दोन आठवडे जगतो आणि तिच्याबद्दल एक वाक्य लिहीत नाही. 'हे किती दिवस पुरेल' हा प्रश्न जिला रोज पडायचा ती गेली, आणि ज्यांना कधीच पडला नव्हता ते दोघं तिथे येऊन बसले.

मराठी कोठी अशा वेळी काय करील? गहू, तांदूळ, तूरडाळ हा आपल्या साठ्याचा मोठा हिस्सा, आणि विस्तवाशिवाय तो घेवड्याइतकाच मुका. पण शिदोरीची परंपरा असलेल्या मुलखात बिनविस्तवाचं खाणंही पुष्कळ असतं. पोहे, कारण ते आधीच भिजवून, भाजून कांडलेले; पाण्याचा हबका मारला की झालं, आणि तो हबका पोटातच जातो, वाया नाही. सातूचं पीठ, मेतकूट, डाळं, भाजलेले शेंगदाणे, गूळ. एका माणसाला दिवसाला पाव किलो पोहे, १०० ग्रॅम दाणे आणि ७५ ग्रॅम गूळ धरला तर सतराशे कॅलरी होतात. दोन माणसं, दहा दिवस: पाच किलो पोहे, दोन किलो दाणे, दीड किलो गूळ. एवढं एका पत्र्याच्या डब्यात आणि दोन बरण्यांत बसतं. हॅमपेक्षा खात्रीचं, आणि कमी तहान लावणारं. बिघाड इथेही आहेत. दमट हवेत दाणे खवट होतात, गुळाला पाणी सुटतं, पोह्यांना सोंडे लागतात. लोणचं-पापडाच्या बरण्यांकडे हात गेला की मीठ आणि तहान आलीच.

आणि मोड. त्या दोघांकडे घेवड्याऐवजी मूग असते तर, हा विचार सोडवत नाही. वाटीभर मूग रात्रभर भिजवले, ओल्या फडक्यात बांधून ठेवले, की दुसऱ्या दिवशी शुभ्र मोड, आणि ते कच्चे खाता येतात. अंधार तर हवाच असतो. कोरड्या दाण्यात नसलेलं क जीवनसत्त्व मोडात तयार होतं. भिजवण्यात धान्य जवळजवळ स्वतःइतकं पाणी पितं, तेही वाया जात नाही. घोटाळा दोन ठिकाणी होतो. फडकं अधूनमधून ओलं केलं नाही किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडलं तर मोड बुळबुळीत होतात, आंबूस वास येतो. मग ते फेकायचेच, धुऊन खायचे नाहीत. दुसरा मटकीतला गणंग. भिजत नाही, फुगत नाही, आणि दंतवैद्य नसलेल्या जगात दाढेखाली आला तर पुढचे दहा दिवस शत्रू मंगळावरून यायची गरज नाही.

विस्तव चालत असेल तर वेगळीच पंचाईत. आपलं स्वयंपाकघर हे बोलकं प्रकरण आहे. शिट्टी ऐकून शेजारच्या बिल्डिंगला कळतं की डाळ झाली. मोहरी तडतडते, मिरची तेलात पडली की घरभर ठसका, आणि हिंगाचा वास दोन मजले ओलांडतो. खोकला दाबता येत नाही. लपून राहायचं तर पहिली गोष्ट सोडायची ती फोडणी, आणि ही शिक्षा किती मोठी आहे ते इंग्रजी कादंबरीला समजणार नाही. कुकर मात्र मुका करता येतो. वाफ सरळ यायला लागली की शिट्टी ठेवायची आणि शिट्टी वाजायच्या आधी ज्योत अगदी बारीक करायची. आत दाब धरलेला राहतो, फक्त सुस्कारा येतो. याहून बरं म्हणजे गोधडी. तांदूळ दुप्पट पाण्यात पाच मिनिटं उकळून पातेलं गोधडीत घट्ट गुंडाळायचं, तासाभरात भात. भिजवलेली डाळ दहा-पंधरा मिनिटं उकळून दोन-अडीच तास. घेवडासुद्धा असा जमतो, पण ती खळखळती उकळी आधी पूर्ण द्यायची, मगच गोधडी. पातेलं निम्म्याहून रिकामं असेल तर ऊब टिकत नाही, आणि दोन माणसांपुरतं थोडंसं शिजवताना नेमकी हीच चूक होते. दिवसाकाठी वीस मिनिटं मोठी ज्योत, एवढ्यावर भागवलं तर १४.२ किलोचा सिलिंडर सहा-सात महिने चालावा. उजेडाचं म्हणाल तर गॅसची निळी ज्योत दिवसा दिसत नाही, काळोखात खिडकीतून दिसते. चुलीचा दिवसा धूर दिसतो; रात्री धूर लपतो, पण जाळ लपत नाही.

ही कादंबरी मासिकातून क्रमशः आली ती १८९७च्या एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत. ही तारीख मराठी वाचकाला सुखाने पुढे जाऊ देत नाही. त्याच वसंतात पुण्यात प्लेग कमिटीचे गोरे सोजीर घराघरात शिरत होते. माजघर, देवघर, स्वयंपाकघर काही न पाहता, सामान रस्त्यावर काढून जाळत. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कमिटीच्या रँडचं जे झालं ते झालं. लंडनचा वाचक घरबसल्या कल्पना करत होता, की आपल्याहून बलाढ्य कुणीतरी येऊन आपल्या कोठीत हात घातला तर कसं वाटेल. वेल्सने पहिल्याच प्रकरणात टास्मानियाच्या लोकांचं काय केलं ते आठवा असं बजावलं आहे, तेव्हा तो काही आंधळा नव्हता. पुण्यातल्या माणसाला कल्पनेची गरज नव्हती. आणि दुखणं तरी कुठून आलं होतं? मुंबईत १८९६च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा उघड झालं ते मांडवीत, गोदीशेजारी, धान्याच्या वखारींत. पोत्यांमागे उंदीर, उंदरांच्या अंगावर पिसवा. उंदीर आधी पडायचे, माणसं मग. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे निघाले. साठवलेलं धान्य माणसाला जगवतं हे खरं, आणि त्याच पोत्याआड मरण बिळ करून राहतं हेही खरं. वेल्सचे मंगळवासी जंतूंनी मेले, कारण त्यांच्या ग्रहावर जंतूच नव्हते. कुजणं म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नसावं, इतकं की आपली प्रेतंही त्यांनी पुरली नाहीत. आपण दह्याला विरजण लावणारी, इडलीचं पीठ आंबवणारी माणसं. जंतूंशी आपलं नातं जुनं, पण तेही दरवेळी आपल्या बाजूने नसतं.

त्या पाद्र्याचं राहून जातंय. तो रडतो, बडबडतो, वाटे केलेलं अन्न चोरून खातो. निवेदक अन्नाच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहतो, रात्रभर. पहिल्या वाचनात पाद्र्याचा राग येतो. नंतर केव्हातरी निवेदकाचाही यायला लागतो. वाटे करणारा नेहमीच शहाणा आणि मागणारा नेहमीच हावरा, असं वाटे करणाऱ्याने लिहिलेल्या वहीत दिसणारच. आठव्या दिवशी पाद्री मोठमोठ्याने बोलायला लागतो आणि निवेदक मांस तोडायचा सुरा उलटा धरून त्याच्या डोक्यात घालतो. पातं नव्हे, बोथट बाजू. तेवढी माणुसकी त्याने राखली, असं तो सांगतो. हाच सुरा त्या घरात कालपरवापर्यंत रविवारच्या जेवणासाठी उचलला जात असणार. आवाजामुळे भोकातून एक लांबलचक लवचिक हात आत येतो, पाद्र्याला ओढून नेतो. निवेदक कोळशाच्या कोठडीत श्वास कोंडून पडलेला. तो हात कोठडीतही येतो, चाचपतो, कोळशाचा एक तुकडा उचलून नेतो. मग कोठीकडे वळतो. बिस्किटांचे डबे खडखडतात, एक बाटली फुटते, आणि शांतता. अकराव्या दिवशी निवेदक जाऊन बघतो तर कोठी साफ. कणही नाही.

इथे पुन्हा घेवडा. कारण वेल्सनेच आधीच्या पानांत सांगून ठेवलंय की या मंगळवासीयांना पोट नाही, आतडी नाहीत. ते जिवंत प्राण्यांचं रक्त सरळ आपल्या शिरांत घेतात. चावणं, गिळणं, पचवणं हा व्यवहारच नाही. मग हॅम कशाला नेला, बिस्किटं कशाला? घेवड्याच्या पिशव्या कशाला? नमुना म्हणून कोळशासारखा एक तुकडा पुरला असता. बाहेर, त्यांच्या यंत्रांच्या पाठीवर, पकडलेल्या माणसांसाठी टोपल्या होत्या. रक्त लागायचं ते जिवंत माणसाचं, आणि माणूस जिवंत ठेवायचा तर त्याच्यापुढे काहीतरी टाकावं लागतं, हे कुठलाही गोठा सांगेल. त्यांनी टाकलं असेल. पिशवीचं तोंड सोडून, कोरडेच दाणे, न भिजवता, न उकळता. ज्यांच्या यंत्रात एका झोतात आख्खं गाव पेटवायची आच होती, त्यांनी.